मगदूमांचं तोरण

“सर, ह्याची सात उत्तरं येतात.”

मी मान वर न करताच म्हणालो, “सातच का? सत्तर काढा. आज शनिवार आहे, कुणाला घाई नाही.”

कॉम्प्युटर लॅबमधली पोरं हसली. चौदा कॉलेजांचे चौदा संघ, दोन-दोन जण एका मशीनवर, आणि मी पुढच्या टेबलावर परीक्षक. असं हशा घेत बसायला मला फार आवडायचं. समोर उभी असलेली मुलगी मात्र हसली नाही. घट्ट वेणी, खांद्यावर कापडी पिशवी, हातात उत्तराची चिठ्ठी. दूरच्या एका छोट्या तंत्रनिकेतनातून ती आणि तिची मैत्रीण शबाना अशा दोघीच आल्या होत्या. सोबत सर नाहीत, शिपाई नाही, कुणी नाही.

“मी गंमत नाही करत, सर,” ती म्हणाली.

“मी करतोय. नाव काय तुझं?”

“पद्मजा खोत.”

“हे बघ पद्मजा, हे कोडं मी घातलंय. ज्यानं भाकरी थापल्या त्याला किती झाल्या ते ठाऊक असतं. उत्तर एकच आहे. एकच ओळ लिहून आण.”

“कुठली ओळ लिहू?”

“जी बरोबर आहे ती.”

“सातही बरोबर आहेत.”

आता ही पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर मला आणखी जोर चढला. “अगं, ह्या कोड्यात मगदूम शेवटीच यायला पाहिजेत. तुझे कुठं येतात?”

“कुठंही येतात, सर. पहिलेसुद्धा येतात.”

“मगदूम पहिले? अगं, ते ऑफिसात साडेअकराला उगवतात!”

लॅब खदखदली. आमचे टायपिस्ट मगदूमअण्णा चहाची किटली घेऊन दारातच उभे होते, तेही हसले. खरं तर ते रोज सव्वानऊला हजर असत, पण विनोद करताना खरं-खोटं कोण बघतो. मी तिची चिठ्ठी न वाचता तिच्यावर फुली मारली, कोपऱ्यात वेळ टाकली, अकरा चाळीस, आणि म्हणालो, “प्रोग्रॅममध्ये कुठंतरी चूक आहे तुझ्या. शोध जा.”

ती गेली. मान खाली घालून मशीनपुढं बसली आणि चूक शोधायला लागली.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझ्याएवढा शहाणा माणूस त्या तालुक्यात नव्हता, असं माझं मत होतं. आमचं कॉलेज म्हणजे माळावरच्या दोन इमारती, एक बोअर आणि लखाईचं देऊळ. मी तिथं तात्पुरता लेक्चरर. दरवर्षी जूनमध्ये ऑर्डर, दरवर्षी एप्रिलमध्ये धाकधूक. कायम झालेल्यांना क्वार्टर मिळे. दोन खोल्या, मागच्या दारी नळ. आणि मी राहायचो पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत, जिथं दिवसभर कपबशा आपोआप सरकत असत.

लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण सुनेत्रा गडहिंग्लजला माझ्या आई-वडिलांपाशी. शिकवण्या घ्यायची. आम्ही दोघं बी.एस्सी.ला एका वर्गात होतो, त्यामुळं ती मला अरे-तुरे करी आणि आईच्या कपाळावर आठी येई. पंधरा दिवसांतून एकदा मी तिकडं जायचो, रविवारी संध्याकाळी परत. दोनदा तिनं विचारलं होतं, “मी येऊ का रे तिकडं?” दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, “गिरणीवर? वेडी आहेस का? आधी कायमची ऑर्डर, मग क्वार्टर, मग तू. तुला नीट घरात न्यायचंय मला.” दुसऱ्या वेळेनंतर तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, पटलं तिला.

आणि त्या फेब्रुवारीत प्राचार्य चौगुले सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “बिडकर, आंतरकॉलेज प्रोग्रॅमिंग स्पर्धा घ्यायची आपण. संस्थेच्या अध्यक्षांनी वडिलांच्या नावानं ढाल दिलीय. ढाल आपल्याकडंच राहिली पाहिजे, काय? शनिवार नीट पार पाडा. सोमवारी तुमच्या कायमच्या ऑर्डरवर सही करतो.”

ऑर्डर मगदूमअण्णांनी टाइपसुद्धा करून ठेवली होती. मी ती बघून आलो होतो. क्वार्टरच्या खिडक्यांची मापंही घेऊन आलो होतो, पडद्यांसाठी.

स्पर्धेला पाच कोडी होती. चौथं माझं लाडकं. नुसते आकडे दिले तर पोरांना झोप येते, म्हणून मी गोष्ट रचली. लखाईच्या जत्रेत सात घरं तोरणासाठी नारळ आणतात. पुजारी विक्षिप्त. त्याचा नियम असा की एका घराचा आकडा ज्या अंकावर संपतो, त्याच अंकानं सुरू होणारं घर पुढं ओवायचं. बारानंतर चोवीस चालेल, कारण बारा दोनावर संपतो आणि चोवीस दोनानं सुरू होतो. सातही घरं ओवली गेली पाहिजेत. कोणतं घर कुठं येईल, ते प्रोग्रॅम लिहून शोधा आणि चिठ्ठीवर नुसती घरांची नावं क्रमानं लिहून आणा.

घरांना नावं दिली स्टाफची. तेवढीच मजा. चौगुले बारा, खाडे चोवीस, सुतार सत्तेचाळीस, नदाफ एकाहत्तर, बिडकर तेरा, तेली पस्तीस आणि मगदूम पन्नास.

ह्यात खुबी होती ती मगदूमांच्या पन्नासात. पन्नास संपतो शून्यावर आणि शून्यानं सुरू होणारं घरच नाही. म्हणजे मगदूम आले की तोरण संपलं. जो घाईनं चौगुल्यांच्या आधी बिडकरांना घेईल, तो तेरा, पस्तीस, पन्नास करून तिसऱ्याच घराला अडकून बसणार आणि चार घरं हातात राहणार. चौगुल्यांपासून सुरू केलं तरच सगळी बसतात. सात घरांच्या पाच हजार चाळीस रांगा होतात आणि त्यांतली फक्त एक बरोबर! हे जमलं त्या दिवशी मी गिरणीवर एकटाच टाळ्या पिटत बसलो होतो.

तर, एक वाजता घंटा झाली. मी चिठ्ठ्यांचा हिशोब मांडला. आमच्या कॉलेजची पोरं चार कोडी बरोबर, चौथ्यासकट. त्यांची चिठ्ठी साडेबाराला आली होती, चौगुल्यांपासून मगदूमांपर्यंत एकच सुबक ओळ. पद्मजा-शबानाची पहिली तीन बरोबर, चौथं चूक, पाचवं अर्धवट. बाकीचे संघ दोन-तीनवर, चौथ्याची चिठ्ठी त्यांतल्या कुणी दिलीच नव्हती. ढाल आमची. मी मनातल्या मनात पडदे निळे घ्यावेत की पिवळे, ह्यावर आलो होतो.

“सर.”

पद्मजाच होती. ह्या वेळी हातात प्रश्नपत्रिका.

“मला फक्त चूक दाखवा, मग आम्ही जातो. साडेतीनची एसटी आहे.”

“बक्षीस समारंभाला थांबणार नाही?”

“त्यात आमचं काय आहे?” ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. “तासाभरात मला चूक सापडली नाही. ती बघितल्याशिवाय झोप येणार नाही मला.”

पोरगी चिकट आहे, मी म्हटलं. खडू उचलला. “हे बघ. शून्यानं सुरू होणारं घर आहे का एखादं?”

“नाही.”

“मग मगदूमांच्या पुढं कोण येणार?”

“चौगुले.”

“पन्नासच्या पुढं बारा? कमाल आहे!”

“पन्नास कुठून आणलं, सर?”

तिनं प्रश्नपत्रिका माझ्यापुढं ठेवली आणि बोट लावलं. मगदूम, ५१.

मी ते वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. मग दुसऱ्या मशीनवरची प्रश्नपत्रिका उचलली. तिथंही ५१. सकाळपासून मी प्रश्नपत्रिकेकडं बघितलंच नव्हतं. बघायचं कशाला, मला ती तोंडपाठ होती!

“एक्कावन्न एकावर संपतो,” पद्मजा हळूच म्हणाली, जणू मला दुखेल. “म्हणून पुढं बारा येतात. नाहीतर तेरा. मी काढून बघितलं.” प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिनं सात नावं गोल लिहिली होती. “कुठल्याही घरापासून सुरू करा, सर. फिरून परत तिथंच येतं.”

मी बोटानं फिरून बघितलं. एक्कावन्न, बारा, चोवीस, सत्तेचाळीस, एकाहत्तर, तेरा, पस्तीस, आणि पस्तीसनंतर परत एक्कावन्न. सुरुवात नाही, शेवट नाही. माझ्या तोरणाचा हार झाला होता. सात घरं, सात सुरुवाती, सात उत्तरं. आणि तिच्या फुली मारलेल्या चिठ्ठीवरची पहिली ओळ चौगुल्यांपासूनच होती. तेवढी एकच लिहून दिली असती तर मी डोळे झाकून बरोबर दिलं असतं. मी खडू खाली ठेवला.

“एसटी सोड,” मी म्हणालो. “थांब तू.”

मगदूमअण्णा टायपिंगच्या खोलीत डबा खात होते.

“अण्णा, प्रश्नपत्रिकेत मगदूमांचे नारळ किती?”

“एक्कावन्न.”

“मी लिहून दिले होते किती?”

अण्णांनी इकडं-तिकडं बघितलं, उठले, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “पन्नास लिवलं होतं तुम्ही. पण मी कुणाला बोललो न्हाई.”

“काय बोलला नाहीत?”

“तुमची चूक झाली त्ये. आवो, तुमचं वय ते केवढं, हितं घरात वडीलधारं कोण न्हाई. ऱ्हातं लक्षातनं. मी गुपचूप दुरुस्त केलं.”

“अण्णा, ती चूक नव्हती हो!”

“चूक न्हवती?” अण्णांचा घास हातातच राहिला. “सर, लखाईला पन्नास नारळ? शून्यावर तोरण संपवतंय व्हय कोण? आन् त्ये बी मगदूमांच्या नावावर? चौदा कॉलेजांत कागद जाणार! आमच्या घरातनं आज्ज्यापासनं दर साली एक्कावन्नाचं तोरण जातंय. आईनं वाचलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.”

“मग बाकीच्यांचे आकडे का नाही बदललेत? चोवीस, सत्तेचाळीस?”

“त्ये त्यांचं त्ये बघतील. मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय न्हाई.”

मी कपाळाला हात लावून बसलो. हसू का रडू कळेना. अण्णांनी ड्रॉवर उघडला आणि छापण्याआधीची प्रत माझ्यापुढं सरकवली. “तपासायला दिला हुता की तुम्हास्नी. ह्ये बघा.”

कोपऱ्यात माझी सही, खाली झोकदार रेघ मारलेली. वर माझ्याच अक्षरात ‘तपासले’. गुरुवारी दुपारी, स्टाफरूममध्ये कसला तरी किस्सा रंगात आला असताना मी ती ठोकली होती. एक ओळही वाचली नव्हती.

“काय अडलं का सर?” अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरत गेला. ऑर्डर त्यांनीच टाइप केलेली, त्यांना सगळं ठाऊक. “म्हंजे माझ्या पायी तुमचं क्वार्टर...? थांबा, मी सांगतो सायबांना.”

“तुम्ही काही सांगू नका. सही माझी आहे.”

चौगुले सर मात्र शांत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आमचा-त्यांचा हिशोब विचारला. दोघांची चारच होतात, मी म्हणालो, पण बरोबरी झाली तर वेळ बघायची असं ठरलंय आणि त्या मुलींची चौथ्याची चिठ्ठी पन्नास मिनिटं आधी आलीय. म्हणजे ढाल त्यांची.

“तुमच्या उत्तरपत्रिकेत काय आहे?” सरांनी विचारलं.

“चौगुल्यांपासून मगदूमांपर्यंत.”

“आपल्या पोरांनी काय दिलंय?”

“तेच.”

“मग अडलंय कुठं? चौगुल्यांपासून सुरू होतं ह्यात तुम्हाला काय वाईट दिसलं?” स्वतःच्या विनोदावर ते हलकेच हसले. “अहो, एखाद्याला पत्ता विचारला आणि त्यानं सात पत्ते दिले, तर आपण त्याला हुशार म्हणतो का? बरोबर आहे ते बरोबर आहे. खोटं काही वाचायचं नाही तुम्हाला. फक्त आहे तेवढंच वाचा.”

“पण सर, ती मुलगी...”

“बिडकर, ती मुलगी संध्याकाळी एसटीत बसून जाईल. तुम्ही इथंच आहात. आणि सोमवार काही लांब नाही.”

खरं सांगतो, मी “हो सर” म्हणालो. आज कुणी विचारलं तर मी हे गाळून सांगू शकलो असतो, पण म्हणालो ते म्हणालो. सभागृहापर्यंत चालत जाताना मी स्वतःला पटवतही होतो. एक ढाल. पत्र्याची. त्या पोरी हुशार आहेत, पुढं दहा ढाली मिळवतील. सुनेत्रा मात्र दोन वर्षं थांबलीय.

चार वाजता समारंभ सुरू झाला. अध्यक्ष मधोमध, पुढ्यात ढाल, तिच्यावर जरीचा रुमाल. अध्यक्षांचं भाषण चाललं होतं तोवर मी मांडीवर चिठ्ठ्या घेऊन बसलो होतो, निकाल वाचायला. हाताला चाळा म्हणून चाळत होतो, तर पद्मजाची पाचव्या कोड्याची चिठ्ठी वर आली. अर्धवट उत्तर. चांगलं चाललेलं होतं, अगदी बरोबर वाटेनं. आणि मध्येच तोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, बहुतेक शबानासाठी: ‘हे राहू दे. सर म्हणाले चौथ्यात चूक आहे. आधी ती शोधू.’

मी तिच्याकडं बघितलं. शेवटच्या रांगेत बसली होती, पिशवी मांडीवर. माझ्याकडंच बघत होती. अजूनही मी चूक दाखवीन म्हणून थांबलेली. बरोबर उत्तर हातात असताना ह्या मुलीनं तासभर स्वतःलाच खोटं ठरवण्यात घालवला होता, का, तर सर म्हणाले. आणि सरांनी चिठ्ठी वाचलीसुद्धा नव्हती. लाज वाटली मला. इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो.

“चौथ्या कोड्याचं माझ्याकडं एकच उत्तर होतं,” मी म्हणालो. “बरोबर उत्तरं सात आहेत. ती सातही एकाच संघानं शोधली आणि त्यांना मी हसून परत पाठवलं. त्या बरोबर होत्या, मी चूक होतो. प्रश्नपत्रिका न वाचता मी तिच्यावर सही केली. त्यामुळं त्या दोघींचा पाचव्या कोड्याचा वेळही गेला. त्याबद्दल मी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागतो. चार कोडी, सगळ्यांत कमी वेळात. पहिला क्रमांक पद्मजा खोत आणि शबाना मुजावर.”

चौगुले सर छताकडं बघत होते. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

“सायेब, सरांची चूक न्हाई! आकडा मी बदलला!”

मगदूमअण्णा. हात जोडून.

अध्यक्षांनी मान पुढं काढली. “कुठला आकडा रे?”

“पन्नासाचं एक्कावन्न केलं जी. लखाईच्या तोरणाचं.”

“देवीच्या तोरणाचं?” अध्यक्ष म्हणाले. “मग बरोबरच केलंस की! पन्नास कुठल्या शहाण्यानं लिहिलं होतं?”

सगळं सभागृह माझ्याकडं वळलं. आणि मग टाळ्या. त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या मगदूमअण्णांना पडल्या. देवीला शून्यावर संपलेलं तोरण वाहणारा असा मी एकटाच निघालो त्या पंचक्रोशीत.

ढाल एवढी मोठी की शबानाला दोन्ही हातांत मावेना. पद्मजा माझ्यापाशी आली. मला वाटलं, काहीतरी ऐकवेल. ऐकवायला पाहिजे होतं. ती म्हणाली, “सर, साडेपाचला एसटी असते का?” आणि मग जाता जाता थांबून, “चूक नव्हती ना? मला वाटलंच होतं.” तोंडभर हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

सभागृहातल्या खुर्च्या उचलत असताना चौगुले सर शेजारी येऊन उभे राहिले. “बिडकर, मन मोठं आहे हो तुमचं.”

“तसं नाही, सर...”

“नाही, मोठं आहे. एवढ्या मोठ्या मनाला दोन खोल्यांचं क्वार्टर लहान पडेल. पुढच्या वर्षी बघू.”

झालं. एवढं गोड बोलून कुणी कुणाचं घर काढून घेतलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता फोन, हे आमचं ठरलेलं होतं. गडहिंग्लजला शेजारच्या मेडिकल दुकानात सुनेत्रा येऊन थांबे. मी एसटीडी बूथमध्ये शिरलो, नंबर फिरवला आणि सगळं सांगितलं. मगदूमअण्णांच्या जागी ती इतकी हसली की दुकानदारानं काय झालं म्हणून विचारलेलं मला इकडं ऐकू आलं.

“मग ऑर्डर?” तिनं विचारलं.

“नाही.”

“क्वार्टर?”

“ऑर्डरच नाही तर क्वार्टर कसलं?”

फोनची वायर मी बोटाला गुंडाळली. “सुनेत्रा, चुकलं गं माझं,” मी म्हणालो. “आणखी एक वर्ष. फक्त एक.”

“हेमंत, एक खरं सांग. न वाचता सह्या करायची खोड तुला जुनी आहे का? लग्नाच्या रजिस्टरवर केलीस ती तरी वाचून केली होतीस ना?”

मला हसू आलं. ती मात्र पुढं बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

“आधी ऑर्डर, मग क्वार्टर, मग मी. दोन वर्षं ऐकतेय. हे ठरवलं कुणी?”

“मीच.”

“मला विचारलं होतंस?”

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. खिडक्यांची मापं घेतली होती, हिला विचारलं नव्हतं.

“अगं, गिरणीवरची खोली दिवसभर हलते,” मी म्हणालो.

“हलू दे.”

“नळ नाही.”

“मग तू काय, पारोसा राहतोस?”

“खालच्या हौदातून पाणी आणतो.”

“एका वेळी दोन बादल्या आणता येतात का?”

“येतात.”

“मग झालं तर.”

मी हळूच म्हणालो, “ये.”

“काय? दारातनं ट्रक गेला, ऐकू आलं नाही.”

“ये म्हणालो!” मी ओरडलो. बूथवाल्यानं काचेतून वळून बघितलं.

“हां, आता आलं,” सुनेत्रा म्हणाली. “उद्या सकाळी साडेसहाची गाडी आहे. स्टँडवर ये न्यायला.”

“उद्या? अगं, सामान, बांधाबांध...”

“बॅग भरलेली आहे.”

“कधी भरलीस?”

“गेल्या दिवाळीत.”